रसायनशास्त्राचा प्रारंभिक महाविद्यालयीन अभ्यासक्रम : नियम व अपेक्षा

महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राची मूलतत्त्वे, परिभाषा आणि प्रयोगपद्धती यांची पद्धतशीर ओळख करून देणारा, सामान्यतः एक वर्षाचा अभ्यासक्रम. त्यात अणुसंरचना, आवर्त सारणी, रासायनिक बंध, वायूंचे नियम, विद्राव, अम्ले व क्षारक, रासायनिक समतोल, ऊष्मारसायनशास्त्र आणि कार्बनी संयुगांची तोंडओळख हे विषय व्याख्यानांतून शिकविले जातात आणि त्यांच्या जोडीला प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिके असतात. विषयांच्या यादीबरोबरच अशा अभ्यासक्रमाला नियमांचीही एक चौकट असते. व्याख्यानांना किती उपस्थिती हवी, प्रयोग कोणी व कसे करावयाचे, त्यांची नोंद कशी ठेवावयाची, चुकलेल्या प्रात्यक्षिकाचे काय करावयाचे, परीक्षा कोणी घ्यावयाची आणि प्रयोगशाळेत कोणती दक्षता पाळावयाची, हे त्या चौकटीत ठरविलेले असते. हे नियम वरवर पाहता केवळ प्रशासकीय वाटतात. परंतु नवशिक्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्र ऐकून शिकावे, पाहून शिकावे की स्वतःच्या हातांनी शिकावे, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे त्यांत साठलेली आहेत. म्हणून त्यांचा इतिहास हा रसायनशिक्षणाच्या हेतूंचाच इतिहास ठरतो.

प्रारंभ : विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्रवेश वैद्यकाच्या आश्रयाने झाला. जर्मनीतील मारबर्ग येथे १६०९ मध्ये योहानेस हार्टमान (१५६८–१६३१) यांची औषधी रसायनाच्या अध्यासनावर नेमणूक झाली. यूरोपातील अशा प्रकारचे हे पहिले अध्यासन मानले जाते. हार्टमान यांचे विद्यार्थी औषधे तयार करण्याच्या कृती प्रयोगशाळेत शिकत असत. पॅरिसमधील राजोद्यानात सतराव्या शतकापासून रसायनशास्त्राचे सार्वजनिक पाठ दिले जात. तेथे श्रमविभागणी ठरलेली होती : प्राध्यापकाने तत्त्वे सांगावयाची आणि प्रयोगदर्शकाने प्रयोग करून दाखवावयाचे. गीयोम फ्रांस्वा रूएल (१७०३–७०) हे तेथील नामवंत प्रयोगदर्शक होते व त्यांच्या श्रोत्यांत आंत्वान लॉरां लव्हॉयझर (१७४३–९४) यांचा समावेश होता. या पाठांत विद्यार्थ्याकडून लक्षपूर्वक ऐकणे व पाहणे एवढीच अपेक्षा असे.

स्कॉटलंडमध्ये विल्यम कलेन (१७१०–९०) आणि जोझेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी रसायनशास्त्राला वैद्यकाच्या सावलीतून बाहेर काढून शेती, रंगकाम, धातुकाम इ. व्यवसायांशी जोडले. तेथील प्राध्यापकांचे उत्पन्न मुख्यतः विद्यार्थ्यांनी वर्गासाठी भरलेल्या शुल्कावर अवलंबून असे; त्यामुळे वर्ग जितका मोठा तितके उत्पन्न अधिक. ब्लॅक यांचे उत्तराधिकारी टॉमस चार्ल्स होप (१७६६–१८४४) यांच्या एडिंबरो येथील वर्गात विद्यार्थ्यांची संख्या पाचशेच्या वर गेली होती. होप यांचे प्रयोग मोठ्या सभागृहातील मागच्या रांगेलाही दिसतील अशा बेताने योजलेले असत. तथापि ते करण्याचा हक्क व्यासपीठावरील व्यक्तीचाच होता. मोठा वर्ग आणि विद्यार्थ्याच्या हातचा प्रयोग यांतील विरोध येथे प्रथमच ठळकपणे दिसून येतो. तो आजतागायत मिटलेला नाही.

प्रयोगशाळेचा प्रवेश : हा विरोध दुसऱ्या बाजूने सोडविण्याचे श्रेय मुख्यतः यूस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांना दिले जाते. १८२४ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि रिकाम्या पडलेल्या लष्करी चौकीच्या इमारतीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. विद्यार्थ्यांना प्रयोग करू देणारे ते पहिलेच शिक्षक नव्हेत. गटिंगेन येथे फ्रीड्रिख श्ट्रोमायर व पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमधील अध्यापक यांनी त्यापूर्वी तसे प्रयत्न केले होते. लीबिक यांचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी या कामाला क्रम दिला. विद्यार्थ्याने प्रथम ज्ञात पदार्थांच्या विक्रिया पाहावयाच्या, नंतर अज्ञात मिश्रणांतील घटक ओळखावयाचे, त्यानंतर त्यांचे प्रमाण काढावयाचे, पुढे संयुगे तयार करावयाची आणि अखेरीस एखादा स्वतंत्र प्रश्न हाती घ्यावयाचा, असा तो क्रम होता. १८३१ मध्ये त्यांनी कार्बनी संयुगांच्या विश्लेषणासाठी पाच फुग्यांचे काचेचे उपकरण तयार केले. पूर्वी निष्णात रसायनशास्त्रज्ञालाच साधणारे हे काम त्यामुळे शिकाऊ विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. प्रयोगशाळेतील शिक्षण अनेकांना एकाच वेळी देता येते, हे गीसेनने दाखवून दिले.

गीसेनमध्ये लीबिक यांचे साहाय्यक असलेले कार्ल रेमीगियस फ्रेझेनियस (१८१८–९७) यांचे गुणात्मक विश्लेषणावरील पुस्तक १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच्या अनेक आवृत्त्या व भाषांतरे निघाली. विशिष्ट विक्रियाकारक विशिष्ट क्रमाने घालून धातूंचे गट साक्याच्या रूपाने वेगळे करीत जाण्याची जी पद्धत अशा पुस्तकांनी रूढ केली, तीच पुढे जगभर प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांचा कणा बनली. भारतीय महाविद्यालयांत ‘सॉल्ट ॲनॅलिसिस’ या नावाने अनेक पिढ्यांनी केलेले लवणाचे विश्लेषण हे याच परंपरेतील होय. लीबिक यांचे शिष्य आउगुस्ट व्हिल्हेल्म फोन होफमान (१८१८–९२) यांच्याकडे १८४५ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीची धुरा आली आणि गीसेनची पद्धत इंग्लंडमध्ये पोहोचली.

अमेरिकेत ट्रॉय येथील रेन्सलर विद्यालयात १८२४ पासून एमस ईटन (१७७६–१८४२) यांनी विद्यार्थ्यांनीच प्रयोग करून त्यांवर व्याख्यान द्यावे, अशी पद्धत योजिली होती. चार्ल्स विल्यम एलियट व फ्रँक स्टोअरर यांनी १८६७ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांसाठी अकार्बनी रसायनशास्त्राचे एक पुस्तक लिहिले. त्यात प्रयोग आणि सिद्धांत एकत्र गुंफलेले होते व प्रयोग नवशिक्यानेच करावयाचे होते. पुढे हार्व्हर्डचे अध्यक्ष झालेल्या एलियट यांनी प्रयोगशाळा हा उच्च शिक्षणाचा नियमित भाग असावा, असा आग्रह धरला. इंग्लंडमध्ये हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांनी याही पुढे जाऊन विद्यार्थ्याला शोधकाच्या भूमिकेत उभे करणारी पद्धत पुरस्कारिली. उत्तर आधी सांगून प्रयोगाने त्याची खातरजमा करून घेणे हे शिक्षण नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ही पद्धत फार वेळ घेते आणि सर्व रसायनशास्त्र कोणीही नव्याने शोधू शकत नाही, हा तिच्यावरील आक्षेपही तितकाच सार्थ होता. प्रत्यक्षात बहुतेक महाविद्यालयांनी मधला मार्ग स्वीकारला : प्रयोग विद्यार्थ्याने करावयाचा, पण कृती छापील पुस्तिकेतून घ्यावयाची.

प्रारंभिक अभ्यासक्रम व शास्त्राची मांडणी : नवशिक्यांना शिकविणे हे दुय्यम दर्जाचे काम आहे, असा समज सर्वत्र आढळतो. रसायनशास्त्राचा इतिहास मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. लव्हॉयझर यांचा १७८९ मधील मूलभूत ग्रंथ नवशिक्यांसाठी लिहिलेला होता. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावयाचे, या शिक्षणविषयक नियमाचे पालन करण्याच्या प्रयत्नातच त्याची रचना ठरली. स्तानीस्लाओ कान्नीद्झारो (१८२६–१९१०) यांनी जेनोआ येथील आपल्या व्याख्यानमालेची रूपरेषा १८५८ मध्ये प्रसिद्ध केली. अणुभार व रेणुभार यांविषयीचा गोंधळ विद्यार्थ्यांसमोर कसा उलगडावा, हा तिचा विषय होता. १८६० च्या कार्लझ्रूए येथील परिषदेत तिच्या प्रती वाटल्या गेल्या आणि विद्यार्थ्यांसाठी केलेला हा उलगडा शास्त्रज्ञांनाही मार्गदर्शक ठरला. त्या परिषदेस उपस्थित असलेले दमीत्री मेंडेलेव्ह (१८३४–१९०७) हे पुढे सेंट पीटर्झबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील पाठ्यपुस्तक लिहीत असताना मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने मांडावीत या अडचणीत सापडले. पहिल्या भागात मोजकीच मूलद्रव्ये आली होती आणि उरलेली सर्व दुसऱ्या भागात बसवावयाची होती. १८६९ ची आवर्त सारणी या अडचणीतून बाहेर पडण्याच्या खटपटीत सिद्ध झाली. शिकविण्याचा क्रम शोधताना निसर्गातील क्रम सापडल्याचे हे ठळक उदाहरण होय [→ आवर्त सारणी].

भारतातील परंपरा : कलकत्ता मेडिकल कॉलेज (१८३५) येथे विल्यम ब्रूक ओशॉनेसी (१८०९–८९) यांनी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू केले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. यूरोपाप्रमाणेच येथेही हा विषय प्रथम वैद्यकाच्या आधाराने आला. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. १८३६ मध्ये सनद मिळालेले ते विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारे होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि परीक्षा विद्यापीठाने घ्यावी, ही विभागणी भारतात त्यामुळे मुळापासूनच रूढ झाली.

या विभागणीचे परिणाम दूरगामी ठरले. गीसेनमध्ये विद्यार्थ्याचे काम रोज पाहणारा शिक्षकच त्याची पात्रता ठरवीत असे. भारतात परीक्षक परका असे व त्याच्यासमोर विद्यार्थी वर्षातून एकदा, काही तासांपुरता उभा राहत असे. वर्षभर काम झाले आहे याची हमी परीक्षकाला कागदावरूनच मिळणे भाग होते. उपस्थितीची किमान मर्यादा (सामान्यतः ७५ टक्के), ‘टर्म भरण्या’ची अट, प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकाची सही, प्रयोगवहीच्या म्हणजे जर्नलच्या आरंभी विभागप्रमुखाचे प्रमाणपत्र आणि ते नसल्यास प्रात्यक्षिक परीक्षेस बसण्यास मनाई, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे नियम अशा हमीचे प्रकार आहेत. त्यांचा उगम शिस्तीच्या हौसेत नसून दुरून परीक्षा घेण्याच्या गरजेत आहे.

वंगदेशात प्रफुल्लचंद्र राय (१८६१–१९४४) यांनी या चौकटीत राहूनही वेगळा आदर्श घालून दिला. १८८९ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. संशोधक म्हणून नावलौकिक मिळाल्यावरही ते प्रारंभिक वर्गांना आवर्जून शिकवीत. प्रयोग दाखविल्याखेरीज तत्त्व सांगावयाचे नाही, अशी त्यांची रीत होती. पश्चिम भारतात त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी वेगळी वाट धरली. १८९० मध्ये स्थापन झालेल्या बडोदे येथील कलाभवनाचे ते पहिले प्राचार्य होते. रंगकामासारख्या व्यवसायांचे शिक्षण मातृभाषेतून देण्याचा प्रयत्न त्यांनी तेथे केला आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज (१८८५) आणि मुंबईतील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (अध्यापनास प्रारंभ १९२०) यांसारख्या संस्थांमुळे महाराष्ट्रात प्रयोगशाळेतील शिक्षणाचा पाया विस्तारला.

प्रयोगाची नोंद : नियमांमागील हेतू आणि त्यांचे प्रत्यक्ष रूप यांत अंतर कसे पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रयोगवही. संशोधनाच्या परंपरेत प्रयोगवही ही प्रयोग चालू असतानाच, शाईने, बांधीव वहीत लिहावयाची असते. चूक झाल्यास एकच रेघ मारून ती वाचता येईल अशी ठेवतात. पान फाडत नाहीत. वही नीटनेटकी दिसण्यापेक्षा पाहिलेले जसेच्या तसे उतरणे महत्त्वाचे मानले जाते. आपल्याकडे कच्ची वही आणि पक्के जर्नल अशी दोन रूपे झाली. जर्नल घरी बसून सुवाच्य अक्षरात, आकृत्यांसह लिहावयाचे आणि त्यावर सही घ्यावयाची. सहीची हमी देणारा कागद हवा असल्यामुळे कागद सुंदर झाला; निरीक्षण मात्र दुय्यम ठरले.

याचा परिणाम अनुमापनासारख्या साध्या प्रयोगातही दिसतो. ब्यूरेटमधील अम्ल थेंबाथेंबाने शंकुपात्रात सोडून रंगबदलाचा क्षण टिपावयाचा आणि वाचने परस्परांशी जुळेपर्यंत प्रयोग पुन्हा करावयाचा, असा नियम आहे. हात स्थिर झाला, डोळा द्रवाच्या पातळीशी समरेषेत आला आणि काच नीट धुतली गेली, तरच वाचने जुळतात. म्हणजे जुळणी हे कौशल्याचे लक्षण आहे. परंतु गुण केवळ उत्तर ‘बरोबर’ येण्यालाच असतील, तर एक वाचन घेऊन उरलेली वहीत जुळवून लिहिण्याचा मोह होतो. अपेक्षित उत्तरावरून उलट गणित करून वाचन काढणे हा त्याच्या पुढचा टप्पा. येथे विद्यार्थ्याच्या नीतीइतकाच नियमाच्या रचनेचाही दोष असतो. न जुळणारे वाचन प्रामाणिकपणे लिहून त्याचे कारण शोधणाऱ्याला ज्या पद्धतीत गुण मिळत नाहीत, ती पद्धत रसायनशास्त्राच्या मुळाशी असलेली सचोटी शिकवू शकत नाही.

सुरक्षिततेचे नियम : प्रारंभिक प्रयोगशाळेतील दक्षतेचे नियम बहुतांशी अनुभवातून घडले आहेत. अम्ल पाण्यात घालावे, पाणी संहत अम्लात घालू नये. परीक्षानळीचे तोंड कोणाकडेही रोखू नये. वास घ्यावयाचा झाल्यास हाताने वाफ नाकाकडे लोटावी, हे नियम जुने आहेत. डोळ्यांना संरक्षक चष्मा, तोंडाने पिपेट ओढण्यास बंदी, प्रत्येक रसायनाच्या धोक्यांचे माहितीपत्रक आणि टाकाऊ द्रव्यांची स्वतंत्र विल्हेवाट, हे नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाले. काही बदलांमुळे अभ्यासक्रमाचे स्वरूपही पालटले. धातूंच्या गटवार विश्लेषणात किपच्या उपकरणातून मिळणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सर्रास वापरला जाई. तो विषारी असून जास्त प्रमाणात असताना त्याचा वास जाणवेनासा होतो. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच त्याची सूचना मिळत नाही. त्यामुळे आधी थोड्या द्रव्यावर करावयाचे अर्धसूक्ष्म विश्लेषण आले आणि पुढे अनेक ठिकाणी गटवार विश्लेषणाचा भारच कमी करण्यात आला. बेंझीन कर्करोगजनक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याऐवजी इतर विद्रावक वापरले जाऊ लागले. ॲस्बेस्टसच्या जाळ्याही क्रमाने मागे पडल्या.

नवे प्रवाह : अमेरिकेत ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’ हे नियतकालिक १९२४ मध्ये सुरू झाले व रसायनशिक्षण हा स्वतंत्र अभ्यासविषय बनला. १९५७ नंतरच्या काळात अमेरिकेत ‘केम स्टडी’ व इंग्लंडमध्ये नफील्ड प्रकल्प यांनी शालेय अभ्यासक्रमाची पुनर्रचना केली. पदार्थांच्या वर्णनापेक्षा तत्त्वांवर त्यांनी भर दिला आणि त्याचे पडसाद महाविद्यालयांतही उमटले. भारतात कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशींनंतर १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आला. पूर्वी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत शिकविला जाणारा बराचसा भाग त्यामुळे अकरावी-बारावीकडे गेला. तेथे प्रवेशपरीक्षांचा दाब वाढला तशी प्रात्यक्षिकांची उपेक्षा झाली आणि प्रथम वर्षाच्या शिक्षकाला आवर्त सारणी तोंडपाठ असलेल्या पण ब्यूरेट न हाताळलेल्या विद्यार्थ्यांपासून आरंभ करावा लागला.

गणित सोडविता येणे म्हणजे संकल्पना समजणे नव्हे, हे १९८७ मध्ये सुझन नरेनबर्न व माइल्स पिकरिंग यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. वायूंच्या नियमांवरील उदाहरणे अचूक सोडविणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना बंद टाकीतील हायड्रोजन थंड केल्यावर त्याचे रेणू कसे विखुरलेले असतील, हे चित्रातून ओळखता आले नाही. ॲलेक्स जॉनस्टन यांनी याचे कारण विषयाच्या घडणीत दाखविले. रसायनशास्त्र एकाच वेळी डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणु-रेणू आणि कागदावरील चिन्हे व समीकरणे अशा तीन पातळ्यांवर वावरते. जाणकार या पातळ्यांवर सहज ये-जा करतो. नवशिक्या मात्र तिन्ही एकदम समोर आल्या की गोंधळतो आणि चिन्हांच्या पाठांतराचा आश्रय घेतो.

मूल्यमापनाच्या नियमांबाबत दोन परंपरा आजही वेगळ्या राहिल्या आहेत. अमेरिकेतील महाविद्यालयांत वर्ग घेणारा अध्यापकच आरंभी एक नियमपत्रक देतो. चाचण्यांचे प्रमाण, प्रयोगाचा अहवाल उशिरा दिल्यास होणारी गुणकपात, चुकलेल्या प्रात्यक्षिकाची भरपाई आणि नक्कल केल्यास होणारी कारवाई त्यात नमूद असते. ते अध्यापक व विद्यार्थी यांच्यातील करारासारखे असते. भारतात हे अधिकार दीर्घकाळ विद्यापीठाच्या अध्यादेशांकडे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये पुरस्कारिलेली श्रेयांक पद्धती आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांमुळे अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा वाढून काही अधिकार अध्यापकाकडे येऊ लागले. व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास, हे प्रमाण आयोगाच्या आराखड्यात आहे. प्रात्यक्षिकाला वेळ दुप्पट व मोल मात्र तेवढेच, असा त्याचा अर्थ होतो. विद्यार्थी वेळ कोठे वाचवितो, याचे एक कारण येथेही शोधता येते.

मूल्यमापन : एडिंबरोच्या सभागृहापासून आजच्या श्रेयांक पद्धतीपर्यंत या अभ्यासक्रमाला दोन ओढींनी ताणले आहे. पुष्कळांना शिकविता यावे ही एक आणि प्रत्येकाच्या हातून काम व्हावे ही दुसरी. पहिली ओढ न्याय्य आहे. प्रथम वर्षाच्या वर्गातील फार थोडे विद्यार्थी पुढे रसायनशास्त्रज्ञ होतात, पण औषध, खत, पाणी आणि इंधन यांविषयी विचारपूर्वक निर्णय घेण्याची पाळी सर्वांवरच येते. दुसरी ओढ सोडून दिल्यास मात्र हा विषय शब्दांचा विषय होऊन बसतो. उपस्थितीपट, जर्नल व प्रमाणपत्र ही साधने दुसरीच्या रक्षणासाठी निर्माण झाली. ज्या ठिकाणी त्यांतील सही उरली व निरीक्षण गेले, त्या ठिकाणी ती पहिलीच्या सोयीची झाली. म्हणून कोणत्याही प्रारंभिक अभ्यासक्रमाचा नियम पारखताना तो किती कडक आहे यापेक्षा त्यामुळे विद्यार्थी परीक्षानळीकडे अधिक लक्षपूर्वक पाहू लागतो की नाही आणि जे दिसले तेच लिहिण्याचे धैर्य त्याला येते की नाही, हे पाहणे अधिक युक्त ठरते.